हातातला दिवस

आपल्या घराघरांत एक शब्द फार लाडका असतो. तो म्हणजे 'नंतर'. चांगले कप पाहुणे आले म्हणजे काढू, पैठणी भाचीच्या लग्नात नेसू, प्रवासाला मुलांच्या परीक्षा झाल्यावर जाऊ आणि उरलेलं सगळं निवृत्तीनंतर! कपाटातल्या डांबरगोळ्यांसारखा हा 'नंतर' आपण घडीघडीत ठेवून दिलेला असतो. वस्तू त्यानं छान टिकतात. त्या वापरणारी माणसं तितकी टिकतातच असं मात्र नाही.

ही काही आजकालची गोष्ट नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या एका कवीनं आपल्या मित्राला हेच बजावलं होतं. तू शंभर कुलपांत जपलेलं उंची मद्य तुझ्यामागे तुझा वारस पिणार आणि फरशीवर सांडणार ते वेगळंच, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. मद्याच्या जागी पैठणी घातली की ही कविता थेट आपल्या कपाटापाशी येऊन उभी राहते.

या कवीचं नाव होरेस. माझी त्याची ओळख कोलकात्यात झाली, आणि तीही डोळ्यांच्या दवाखान्यातून परत आल्यावर.

काचबिंदू आणि कुंडली

मी मूळची साताऱ्याची. १९८५ साली लग्न होऊन इथे आले. यांची नोकरी चहाच्या एका कंपनीत, हिशेबखात्यात. मी इथल्या एका शाळेत संस्कृत शिकवलं. भवानीपूरमधलं घर, हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात भेटणारी आपली माणसं, आणि मासे न खाणारी म्हणून माझी मायेनं कीव करणाऱ्या बंगाली शेजारणी, यांत चाळीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर बदलायला गेले, तर डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेनं दृष्टी परत आली असती. काचबिंदूचं तसं नसतं. यात बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो, दृष्टीची नस हळूहळू निकामी होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. आधी जाते ती कडेची नजर, त्यामुळे पुष्कळदा माणसाच्या लक्षातही येत नाही. रोज थेंब घालायचे, वेळच्या वेळी दाब तपासायचा आणि आहे ती नजर राखायची, हाच उपचाराचा हेतू. चाळिशीनंतर प्रत्येकानं डोळे तपासून घ्यावेत, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याच्या भावंडांनी आणि मुलांनी अगदी नक्की, हे जाता जाता सांगून ठेवते.

"अजून किती वर्षं दिसेल?" मी विचारलं.

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही. नेमानं थेंब घातलेत तर कदाचित जन्मभर दिसेल."

डॉक्टरांना सांगता आलं नाही ते ज्योतिषाला विचारावं, असं घरात घाटू लागलं. नणंदेनं पुण्याहून फोन करून माझी जन्मवेळ मागितली. तिच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण मला कुंडली दाखवायची नव्हती. का नव्हती, हे मात्र मला नीट सांगता येईना.

आमच्या खालच्या मजल्यावर इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही त्यांना मास्टरमोशाय म्हणतो, ते मला बौमा म्हणजे सूनबाई म्हणतात. संध्याकाळच्या चहाला मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते उठले, कधीकाळी कॉलेज स्ट्रीटच्या फूटपाथवर घेतलेलं एक पिवळं पडलेलं पुस्तक त्यांनी काढलं आणि म्हणाले, "बौमा, तुझा प्रश्न यापूर्वी एका मुलीनं विचारलाय. तिला काय उत्तर मिळालं ते ऐक."

त्या मुलीचं नाव ल्यूकोनोए. आपलं आयुष्य किती उरलंय ते ती बॅबिलोनी ज्योतिषांच्या आकडेमोडीतून शोधू पाहत होती. होरेस तिला समजावतो की, या वाटेला जाऊ नकोस. पुढे पुष्कळ हिवाळे असतील किंवा चालू आहे तोच शेवटचा असेल. जे येईल ते सोसावं, हातातलं काम करावं, फार लांब वाढलेल्या आशा जरा छाटाव्यात आणि आजचा दिवस घ्यावा. सारी कविता अवघ्या आठ ओळींची.

मला कुंडली का नको होती, ते मला त्या संध्याकाळी कळलं. ज्योतिषानं 'दहा वर्षं' सांगितली असती तर मी रोज दहातून एकेक दिवस वजा करत बसले असते. 'काही होणार नाही' म्हटलं असतं, तर सगळं पुन्हा 'नंतर'वर गेलं असतं. दोन्हीकडून आजचा दिवस गेलाच असता.

खुडणं आणि ओरबाडणं

त्या कवितेतले दोन शब्द जगभर गेले आहेत, 'कार्पे डिएम'. १९८९ सालच्या 'डेड पोएट्स सोसायटी' या इंग्रजी चित्रपटानंतर तर ते गंजिफ्रॉकांवर आणि कॉफीच्या कपांवरही जाऊन बसले. त्यांचा अर्थ लोक असा घेतात की, दिवसावर झडप घाला, खा, प्या, मजा करा.

मास्टरमोशायांना हा अर्थ मुळीच मान्य नाही. ते म्हणतात, ते लॅटिन क्रियापद बागेतलं, मळ्यातलं आहे. फूल तोडणं, पिकलेलं फळ काढणं, यासाठी ते वापरतात. हे ऐकलं आणि मला आपला अगदी घरचा शब्द आठवला, 'खुडणे'. मेथी खुडतो तसं. नखानं हलकेच, पानापुरतं. ओरबाडलं तर रोपच हाती येतं आणि उद्याला काही उरत नाही. कर्ज काढून तूप पिण्याच्या चार्वाकाच्या सल्ल्यात आणि होरेसच्या सांगण्यात हाच फरक आहे. आजचं पिकलेलं आज खुडा, कारण ते उद्यापर्यंत झाडावर राहणार नाही. पण झाड मोडू नका.

दुसऱ्या शब्दानं तर माझ्यातली संस्कृतची बाई जागी झाली. लॅटिनमधला 'डिएस' आणि आपला 'दिवस' ही एकाच मूळ धातूची लेकरं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका कुळातल्या असाव्यात, ही गोष्ट ज्या भाषणानं जगापुढे ठळकपणे आली, ते भाषण याच कोलकात्यात झालं होतं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीत ते केलं. सोसायटी त्यांनीच १७८४ मध्ये स्थापन केलेली. ती आज पार्क स्ट्रीटच्या चौरंगीकडच्या टोकाला आहे, आणि जोन्ससाहेबांची कबर त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

पिरॅमिडांची बाग

ती कबर बघायला आम्ही डिसेंबरातल्या एका सकाळी गेलो. साउथ पार्क स्ट्रीटची ही दफनभूमी १७६७ मध्ये सुरू झाली. आत पाऊल टाकलं की गाड्यांचे आवाज मागे राहतात. उंच झाडं, शेवाळलेल्या वाटा, आणि दोन्ही बाजूंना केवढाले पिरॅमिड, घुमट, निमुळते स्तंभ! त्या काळच्या इंग्रजांत म्हणच होती की, इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. तापानं, पटकीनं तरुण माणसं पटापट जात. राहिलेले मग भव्य दगड रचत. जोन्स १७९४ मध्ये गेले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. हिंदू कॉलेजात मुलांना विचार करायला शिकवणारा कवी डेरोझिओ १८३१ मध्ये गेला, तो २२ व्या वर्षी. तोही इथेच आहे.

इथे रोझ एल्मर नावाच्या मुलीची कबर आहे. १८०० साली, विसाव्या वर्षी ती वारली. वेल्समध्ये तिची ओळख झालेल्या वॉल्टर सॅव्हेज लँडॉर या कवीनं तिच्यावर आठ ओळींची कविता लिहिली. ती कविता पुढे तिच्या कबरीवरही कोरली गेली. आजूबाजूच्या कितीतरी पिरॅमिडांखाली कोण आहे हे आज कुणी विचारत नाही. रोझला मात्र त्या आठ ओळींमुळे लोक शोधत येतात.

होरेसनं आपल्या गीतांच्या तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी नेमकं हेच म्हटलं होतं, की आपण उभारलेलं स्मारक राजांच्या पिरॅमिडांहून उंच आहे. ही पुस्तकं इ. स. पूर्व २३ च्या सुमाराची. रोमचा पुरोहित कॅपिटोल टेकडी चढून पूजेला जातोय तोवर आपली कीर्ती वाढत राहील, असा त्याचा अंदाज होता. त्या पूजा बंद पडून दीड हजारावर वर्षं झाली. कविता अजून आहेत, आणि भवानीपुरातल्या एका संध्याकाळी त्यांनी साताऱ्याच्या एका बाईला धीर दिला. याचा अंदाज त्यालाही आला नसेल!

गुलामाचा मुलगा

हे सगळं सांगणारा माणूस कुणी गडगंज सरदार असता, तर मी त्याचं ऐकलं नसतं. पोट भरलेल्यानं समाधान शिकवायला काय जातं? पण होरेसची गोष्ट वेगळी आहे.

त्याचा जन्म इ. स. पूर्व ६५ मध्ये दक्षिण इटलीतल्या व्हेनुसिया गावी झाला. वडील एके काळी गुलाम होते, पुढे मुक्त झाले. लिलावाच्या वसुलीचं काम करून त्यांनी चार पैसे आणि छोटीशी जमीन जोडली. गावच्या शाळेत पोराला न घालता त्यांनी त्याला थेट रोमला नेलं. मोठ्या घरची मुलं गुलामांच्या सोबतीनं शाळेत जात. होरेसच्या सोबतीला त्याचा बाप स्वतः जाई, एका शिक्षकाकडून दुसऱ्या शिक्षकाकडे. पुढे होरेस सम्राटाच्या वर्तुळात गेला, लोक 'गुलामाचं पोर' म्हणून नाक मुरडत. त्यानं वडिलांना कधी लपवलं नाही. पुन्हा आईबाप निवडायची मुभा मिळाली तरी मी दुसरे निवडणार नाही, असं त्यानं जाहीरपणे लिहून ठेवलं.

हे वाचताना मला माझे अण्णा दिसले. शिक्षण सातवीपर्यंत. संस्कृतच्या शिकवणीला ते मला सायकलवरून सोडत आणि तास संपेपर्यंत बाहेर पारावर बसून राहत.

होरेस अथेन्सला शिकत असताना ब्रूटसच्या सैन्यात गेला. इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत त्याची बाजू पार हरली. परत आला, तेव्हा वडिलांची जमीन गेली होती. मग त्यानं सरकारी खजिन्याच्या कचेरीत कारकुनी धरली आणि कविता लिहायला घेतल्या. कारकुनी हा शब्द ऐकताच आमचे हे खुशीत आले. या शहराला कारकुनांचं काय अप्रूप? इथल्या रायटर्स बिल्डिंगचं नाव मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांवरूनच पडलं.

म्हणजे हरलेला, जमीन गेलेला, हिशेब लिहून पोट भरणारा माणूस 'आजचा दिवस घ्या' म्हणतो आहे. उद्यावर भरवसा ठेवून काय होतं, ते त्यानं पाहिलं होतं.

'पुरेल'

खरी परीक्षा पुढेच होती. हे कामातून पूर्ण मोकळे झाले, त्याच सुमाराला मुंबईच्या एका कंपनीनं यांना तीन वर्षांसाठी सल्लागार म्हणून बोलावलं. पगार इथल्या शेवटच्या पगाराहून बराच जास्त. बंगळुरूचा मुलगा म्हणाला, "बाबा, घ्या. आईच्या औषधांना उपयोग होईल." नणंद म्हणाली, "आपल्या माणसांत तरी याल." दोघांचंही बरोबर होतं. पण काम फिरतीचं, महिन्यातले वीस दिवस यांचा मुक्काम बाहेर. म्हणजे माझ्या नजरेची हीच वर्षं मी परक्या फ्लॅटमध्ये एकटीनं काढायची.

त्या दिवसांत मास्टरमोशायांनी होरेसची आणखी एक हकीकत सांगितली. मेसेनास नावाच्या मित्रानं होरेसला सबाइन डोंगरात एक लहानसं शेत दिलं. थोडी जमीन, घराजवळ झरा, थोडी झाडं, एवढंच त्याचं मागणं होतं. ते मिळालं आणि याहून जास्त मागायचं नाही असं त्यानं ठरवलं. पुढे खुद्द सम्राट ऑगस्टसनं त्याला आपला पत्रलेखक म्हणून बोलावलं. केवढा मान, केवढी सत्ता! होरेसनं नम्रपणे नकार दिला. सम्राटही रागावला नाही. उलट होरेसच्या ठेंगण्या, गुबगुबीत अंगावरून त्याची थट्टा करत राहिला.

नकार देणं मात्र होरेसला सोपं होतं, असं मी समजत नाही. आम्हालाही नव्हतं. होरेस सांगतो तो मधला मार्ग आहे, खोल समुद्रातही जायचं नाही आणि भिऊन खडकाळ किनाऱ्यालाही चिकटायचं नाही. म्हणून यांनी आधी वही काढली. जन्मभर हिशेब लिहिलेला माणूस! औषधं, तपासण्या, लागलीच तर शस्त्रक्रिया, घरभाडं, किराणा, सगळं एका बाजूला मांडलं. दुसऱ्या बाजूला साठवलेलं. दोन रात्री बेरजा चालल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली, तर शेवटच्या ओळीखाली रेघ मारून एकच शब्द लिहिला होता : 'पुरेल.' त्याच दिवशी यांनी मुंबईला नकाराचं पत्र धाडलं.

राहता राहिला 'आपल्या माणसांत' जाण्याचा प्रश्न. होरेस एका मित्राला पत्रात लिहितो की, समुद्र ओलांडला तरी वर बदलतं ते आभाळ, मन आपलं तेच असतं. याचा दाखला कोलकात्यातच आहे. बंगालीचा महाकवी मायकेल मधुसूदन दत्त इथल्या बिशप्स कॉलेजात लॅटिन आणि ग्रीक शिकला. ओव्हिड या रोमन कवीच्या धर्तीवर त्यानं 'वीरांगना काव्य' लिहिलं. लहानपणापासून त्याला विलायतेचा ध्यास. १८६२ मध्ये तो गेलाही. पुढे फ्रान्समध्ये व्हर्सायला कर्जात बुडाला, ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पैसे पाठवले तेव्हा तगला. आणि त्या परक्या आभाळाखाली त्यानं कविता कशावर लिहिली? जन्मगावाजवळच्या कपोताक्ष नदीवर! १८७३ मध्ये हालाखीत तो इथेच वारला. त्याच्याकडे प्रतिभा अफाट होती, 'पुरेल' म्हणणारी वही नव्हती.

मीही पहिल्या वर्षी इथे अजिंक्यताऱ्याच्या आठवणीनं रडले होते. आता मुंबईला गेले असते तर शिउलीच्या, म्हणजे आपल्या पारिजातकाच्या, सड्यासाठी रडले असते. मन बरोबर घेऊनच जायचं, तर मग आहे तिथेच त्याला बसू द्यावं.

डोळे उघडताना

कोलकात्यात चाळीस वर्षं राहून माझं एक बघायचं राहिलं होतं. गंगेकाठच्या कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्ती घडतात. बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा, त्यावर नदीची माती. महालयेला, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येला, देवीचे डोळे रंगवायची प्रथा आहे. त्याला म्हणतात चोक्खुदान, चक्षुदान. कोलकात्याच्या दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. दरवर्षी आम्ही 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत होतो. गेल्या महालयेला पहाटे उठून गेलो.

अरुंद गल्ली, ओल्या मातीचा वास. एका वृद्ध कारागिराच्या हातात बारीक कुंचला होता. आजूबाजूचे सगळे गप्प झाले. त्यानं श्वास रोखला आणि एका रेषेत पापणी ओढली. मग बुबुळ. मातीचा चेहरा एकाएकी आमच्याकडे बघायला लागला. कडेचं मला आता थोडं अंधूक दिसतं. पण समोरचं ते सगळं मी पाहिलं, अगदी पोटभर.

ती मूर्ती दशमीला विसर्जित झाली असणार. महिनोन्‌महिने खपून केलेलं काम चार-पाच दिवसांत पाण्यात जातं, म्हणून कुमारटुलीत कुणी हळहळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा माती आणतात.

रात्री थेंब घातले की मला पाच मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं. तेवढ्यात हे मास्टरमोशायांच्या त्या पिवळ्या पुस्तकातलं एखादं पान मोठ्यानं वाचतात, कधी इंग्रजीत, कधी आपल्या मराठीत अर्थ सांगत. गेल्या तपासणीत दाब स्थिर निघाला. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तेव्हा काय निघेल ते मला ठाऊक नाही, आणि मी कुणाला विचारलेलंही नाही.

आज सकाळी बाजारात या हिवाळ्यातला पहिला नोलेन गूळ आला. खजुराच्या रसाचा, धुरकट वासाचा. संक्रांतीला अजून अवकाश आहे. पण तिळाबरोबर त्याची गूळपोळी आजच करायला कुणाची हरकत आहे?